जी कळ ओसरली नाही

सातवा महिना लागला तेव्हा मी डॉक्टरबाईंना मोठ्या ऐटीत सांगितलं, "मॅडम, मला दुखणं कमी करायचं इंजेक्शन वगैरे काही नको. मी सगळं नैसर्गिक करणार आहे."

शहाद्याच्या त्या दवाखान्यात मी पहिल्यापासून जात होते. डॉक्टरबाई माझ्या दंडावरचा बीपीचा पट्टा सोडवत होत्या. त्या थांबल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अगं, ते कमरेत द्यायचं इंजेक्शन आपल्याकडे आहे कुठे? त्याला भूलतज्ज्ञ कायम हजर लागतो. इथे सगळ्याच नैसर्गिक करतात, हौस असो की नसो."

दाराशी उभ्या असलेल्या दोन बायका फिस्सकन हसल्या. मीही हसले, पण आतून चिडले. मी खेळाची शिक्षिका आहे. मुरगळलेल्या पायानं खो-खोचा अंतिम सामना खेळले आहे. पोरांना मी रोज हेच सांगत आले की शरीराला शिकवलं तर ते काहीही सोसतं. इतर बायका नाइलाज म्हणून सोसतात, मी सराव करून सोसणार होते. हा फरक डॉक्टरबाईंना कळला नाही, असं मला वाटलं.

हे सगळं मी आता लिहिते आहे, कारण अशीच तयारी करणाऱ्या मुली मला भेटतात आणि "मॅडम, तुम्ही कशी केली होती?" असं विचारतात. माझी तयारी उत्तम होती. त्या तयारीनेच मला जवळजवळ संपवलं, हे दोन वाक्यांत सांगता येत नाही.

बर्फ

फोनवर मी एक वर्ग लावला होता. पुण्याची एक बाई पांढऱ्या सोफ्यावर बसून हळू आवाजात शिकवायची. 'दुखणं' हा शब्द उच्चारायचाच नाही, 'लाट' म्हणायचं. लाट येते, चढते आणि ओसरते. चढताना श्वास, ओसरल्यावर विसावा. आणि सरावासाठी बर्फ. मूठभर बर्फ तळहातावर घ्यायचा, हात जळायला लागला तरी धरून ठेवायचा, चेहरा शांत ठेवायचा. मग सोडून द्यायचा.

पुण्यात हे सोपं असेल. आमच्या तापीकाठच्या प्रकाशा गावात मे महिन्यात फ्रिजमध्ये बर्फ जमायच्या आत लाइट जाते. मग माझा नवरा, भूषण, स्टँडजवळच्या रसवंतीवरून पिशवीत बर्फ आणायचा. त्याचं तिथेच मोटारी रिवायंडिंगचं दुकान आहे. आमच्याकडे रोज सरबताच्या पार्ट्या चालतात, असा रसवंतीवाल्याचा समज झाला होता.

पहिल्या दिवशी सासूबाई भाकरी थापता थापता माझ्याकडे बघतच राहिल्या.

"बर्फ काब्र धरी बठनी वं?"

"सराव करी ऱ्हायनू, माय."

"कसाना सराव?"

"दुखनं सहन कराना."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "त्याना बी सराव लागस का? आम्हले कोनी शिकाडं?"

पण मला जमायला लागलं. मिनिटभर, मग त्याहून जास्त. हात आधी जळतो, मग दुखतो, मग आपला राहतच नाही. कपाळावर आठी उमटू द्यायची नाही हे मी आरशासमोर शिकले. एकदा भूषण समोर बसून बघत होता. बर्फाचं पाणी माझ्या कोपरावरून टपटपत होतं आणि मी शांतपणे त्याच्याशी बोलत होते. तो उठून बाहेर गेला. जाताना म्हणाला, "मले तुन्ही भीती वाटस." मी त्याची खूप टर उडवली.

युती

माझं आणि सासूबाईंचं फारसं कशावर जमत नव्हतं. चहातली साखर, टीव्हीचा आवाज, माझी ट्रॅकपँट, प्रत्येक गोष्टीवर खटका उडायचा. माझी आई सुरतला भावाकडे असते. भावजयीचेही दिवस भरत आले होते, म्हणून मी बाळंतपणाला सासरीच राहिले. आम्हा दोघींना एकमेकींना पर्याय नव्हता.

या एका बाबतीत मात्र आमची युती झाली.

सासूबाईंच्या घरात एक रीत होती. कळा सुरू झाल्या की कुणाला कळू द्यायचं नाही. घरातली एक बाई, फार तर सुईण, बस. पुरुषांना नाही, शेजारणीला नाही. "गावले समजनं का बाळ अडकी बठस," त्या म्हणायच्या. आणि आवाज तर मुळीच नाही. भूषणच्या वेळी त्यांनी पदर दातात धरला होता. ही गोष्ट त्या इतक्या अभिमानानं सांगायच्या की मला ती तोंडपाठ झाली होती. "तुन्हा सासरा वट्टावर बठेल व्हता. पोऱ्या रडना तवय त्याले समजनं!" सासरे आता नाहीत, पण ते असतानाही म्हणे हसून मान हलवायचे.

त्यांची एक नणंद होती. तिच्या कळांची बातमी सगळ्या गल्लीला लागली होती, दारात बायका जमल्या होत्या आणि बाळंतपण दोन दिवस लांबलं. त्या बाळाचं पुढे काय झालं, हे सासूबाई सांगत नसत. गोष्ट तिथेच थांबवून त्या उठायच्या आणि काहीतरी काम काढायच्या. मी कधी विचारलं नाही.

गंमत बघा. पुण्याची बाईही तेच सांगत होती. लवकर दवाखान्यात पळू नका, जितका वेळ घरी काढता येईल तितका काढा, शांतता राखा, बघ्यांना दूर ठेवा. मी सासूबाईंना ते ऐकवलं. त्यांनी पहिल्यांदाच माझ्या फोनकडे आदरानं पाहिलं.

"पोट दुखाले लागनं का मले सांग," त्या म्हणाल्या. "मन्हाशिवाय कोनले सांगानं नही. तुन्हा नवराले बी नही."

"नही सांगाव," मी म्हटलं. आम्ही दोघी हसलो. फार दिवसांनी घरात बरं वाटलं.

घाट

चालण्याचा व्यायाम म्हणून मी संध्याकाळी तापीच्या घाटावर जायचे. सासूबाईंना ते अजिबात आवडत नव्हतं. प्रकाशाच्या घाटावर लांबून लांबून माणसं दिवस घालायला येतात. मुंडण केलेले बाप-लेक पायऱ्यांवर बसलेले असतात, मडकी असतात, पिंड असतात, कावळे असतात. दिवस भरत आलेल्या बाईनं तिथे फिरू नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी ऐकलं नाही. घाटासारखी सपाट, लांब जागा गावात दुसरी नाही. बॅरेज झाल्यापासून पाणी तिथे भरलेलं, उभं असतं. त्या पाण्याकडे बघत मी श्वास मोजायचे. एकदा पांढऱ्या साडीतल्या एका म्हातारीनं माझ्या पोटाकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. तिचं दुःख तिच्यापाशी, मी मनात म्हटलं. पण त्या दिवशी मी अर्ध्यातूनच परत फिरले, आणि का फिरले हे घरी सांगितलं नाही.

सूज

आठव्या महिन्यात अंगठी बोटातून निघेना. चपलेचे पट्टे पायावर उमटून राहायला लागले. डॉक्टरबाईंनी बीपी पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि गोळ्या दिल्या.

"ऐक," त्या म्हणाल्या. या वेळी त्या हसत नव्हत्या. "डोकं ठणकलं, बाळ कमी हललं, पोट कडक होऊन तसंच राहिलं किंवा दुखणं थांबेनाच, तर सराव बाजूला ठेवायचा आणि निघून यायचं. कळलं?"

मी मान हलवली. सामन्याआधी पंच नियम सांगतो तेव्हा खेळाडू जशी मान हलवतात, तशीच.

गावात मंगलाताई आहे, आमच्या भागाची आशा कार्यकर्ती. बीपी मोजायचं यंत्र पिशवीत घालून ती दोन-तीन दिवसांनी दुपारची यायची. बडबडी बाई. घरात पाऊल टाकायच्या आधी गल्लीच्या तोंडापासूनच तिचा आवाज यायचा. सासूबाईंना ती त्यामुळेच खुपायची. "तिना पोटमा काही ऱ्हास नही," त्या म्हणायच्या.

ती सकाळ

तारखेला अजून अवकाश होता. सकाळी चहा झाला आणि ओटीपोटात एक कळ आली. मी भिंतीला टेकले. मला भीती वाटली नाही, आनंद झाला. इतके दिवस जिची वाट पाहिली ती आली, असं वाटलं.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक शब्दही न बोलता त्यांनी भूषणचा डबा भरला, नेहमीसारखी दोन भाकरी, वांग्याची भाजी, लोणच्याची फोड. तो गाडी काढत म्हणाला, "येस मी." मी म्हटलं, "ये." तो गेला. सासूबाईंनी दार ओढून घेतलं आणि माझा फोन कपाटात ठेवला.

मग मी सुरू केलं. भिंतीला कपाळ टेकून श्वास. लाट चढली. छान चढली. मी तिच्या उतरणीची वाट बघत राहिले. थोडी उतरल्यासारखी वाटली, पण पूर्ण गेली नाही, तेवढ्यात पुन्हा चढली. पुण्याची बाई म्हणाली होती की कधी कधी लाटा एकीला लागून एक येतात. मला वाटलं, आपलं शरीर तयार आहे, म्हणून सगळं भराभर होतंय. मला चक्क अभिमान वाटला.

बाळ हलत नव्हतं. आदल्या दिवशी उकाड्यात ते खूप हललं होतं. दमून झोपलं असेल.

सासूबाई पाठीला तेल लावत होत्या. मधूनच वाकून माझा चेहरा बघत होत्या. "तुन्हं तोंड देखीसन कोनले वाटाव नही का दुखी ऱ्हायनं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात असं कौतुक मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. त्यासाठी मी आणखी बराच वेळ सोसलं असतं, हे खरं आहे.

सूर्य वर आला. पत्रा तापला. कळ तिथेच होती. आता तिला चढही नव्हता आणि उतारही नव्हता. पाठीतून, पोटातून ती एकसारखी दाबून धरत होती. मी श्वास घेत होते, पण श्वास कुठे सोडायचा ते कळत नव्हतं.

दार

गल्लीच्या तोंडाशी मंगलाताईचा आवाज आला. कुणाला तरी लसीची तारीख सांगत, कुणाच्या शेळीला हाकलत ती येत होती. मग आमच्या ओट्यावर चपला वाजल्या.

सासूबाई उठल्या. हाताचं तेल पदराला पुसलं आणि दार अर्धवट उघडून मधोमध उभ्या राहिल्या.

"काय माय, सून कशी शे? बीपी देखी लेस जरा."

"बरी शे. आत्तेच डोळा लागना तिना."

"पाय सुजेल व्हतात ना परवदिन?"

"उतरी गयात. झोपू दे तिले. सांजले ये."

मी आतल्या खोलीत भिंतीला धरून उभी होते. मधे फक्त एक पडदा. मंगलाताईच्या पिशवीतल्या यंत्राची चेन वाजलेली मला ऐकू आली, इतकी ती जवळ होती. मी श्वास रोखून धरला. आवाज जाऊ नये म्हणून. सासूबाईंनी राखलेलं गुपित मीही आतून राखत होते.

"बरं," मंगलाताई म्हणाली. "उठनी का सांगा मले." आणि चपला ओट्यावरून उतरल्या.

तेव्हा माझा हात पोटावर गेला. बर्फाच्या सरावानंतर मला माझ्या शरीराची भाषा येते, अशी माझी घमेंड होती. पण हाताखाली जे लागलं ते माझं पोट नव्हतं. ते वरवंट्यासारखं कडक होतं. मी दाबलं, ते दबलं नाही. थांबले, सैल पडलं नाही. मांडीवरून काहीतरी ओघळलं. खाली पाहिलं तर काळपट लाल, थोडंसंच.

आणि मला एक साधी गोष्ट कळली. बर्फ हातातून सोडता येतो. म्हणून तर तो धरता येतो. ही कळ मला सोडायलाच तयार नव्हती.

चपलांचा आवाज लांब जात होता.

मैदानात मी शिट्टी वापरत नाही. दुसऱ्या टोकाच्या पोराला नावानं हाक मारते आणि तो थांबतो. तो आवाज मी त्या खोलीत काढला.

"मंगलाताई! माघारी फिर! मन्हं पोट सुटी नही ऱ्हायनं!"

सासूबाई धावत आत आल्या आणि त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. तेलकट हात. तो दुष्टपणानं ठेवलेला नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांच्या डोळ्यांत नुसती भीती होती. बाळ अडकेल, सगळ्यांना कळलं तर बाळ अडकेल. मी तो हात दोन्ही हातांनी ओढून काढला आणि पुन्हा ओरडले. आणि पुन्हा. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

पपईची गाडी

मंगलाताईनं आल्या आल्या माझ्या पोटावर हात ठेवला आणि तिची बडबड थांबली. मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटली.

"कवयपासून असं शे?"

"सकायपासून."

"मधमा सुटस का?"

"नही."

यंत्राचा आकडा तिनं मला दाखवला नाही. तिनं एका हातानं फोन लावला, सरकारी गाडी दुसऱ्या गावी गेलेली होती. मग तिनं दाराकडे तोंड करून हाक दिली, "गाडी लया! कोनी बी, आत्ते लया!"

दारात तोवर अर्धी गल्ली जमली होती. म्हणून गाडी मिळाली, हे मी कधी विसरणार नाही. समोरच्या घरासमोर पपई भरायची पिकअप उभी होती. कुणीतरी क्रेट धडाधड खाली उतरवले. पपईला डाग लागू नये म्हणून गाडीत खाली भाताचं तणीस आणि रद्दी अंथरलेली असते, त्यावर गोधडी टाकली आणि मला निजवलं. डोकं मंगलाताईच्या मांडीवर, पाय सासूबाईंच्या हातात. वर पांढरं आभाळ. प्रत्येक गतिरोधकाला मी ओरडत होते. अगदी मनापासून ओरडत होते. श्वास, लाट, सगळं विसरले होते.

सासूबाई रस्ताभर एकच म्हणत होत्या, "धीर धर, बेटा." पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. माझ्या अंगाखालच्या गोधडीवर लाल डाग पसरत होता, त्याकडे बघत होत्या.

भूल

डॉक्टरबाईंनी यंत्र पोटावर फिरवलं. एका जागी, दुसऱ्या जागी. खोलीत नुसती खरखर. मग खोलवरून ठोके आले, संथ, मधेच अडखळणारे.

"आहे," त्या म्हणाल्या. आणि लगेच नर्सला, "तयारी करा. वार आत सुटायला लागलीय."

बाळ बाहेर येण्याआधीच वार सुटली तर बाळाचा श्वास तुटतो आणि आईचं रक्त आतल्या आत जातं. मला तेवढंच सांगितलं, तेवढंच पुरे होतं. भूषण दुकानातून तसाच आला होता, हात ग्रीसनं काळे. सहीच्या कागदावर त्याचा अंगठ्याएवढा काळा ठसा उमटला. भूल देणारे डॉक्टर त्या दिवशी योगायोगानं शहाद्यातच होते. या योगायोगाचा विचार मी फार करत नाही.

माझ्या तोंडावर मुखवटा ठेवला. कुठलंही औषध नको म्हणणारी मी, तो स्वतःच्या हातानं घट्ट दाबून धरला. रडण्याचा आवाज ऐकल्याशिवाय झोपायचं नाही, असं ठरवलं होतं. ते काही आपल्या हातात नसतं.

पूल

जाग आली तेव्हा शेजारी पाळणा नव्हता. मी विचारलं. नर्सनं सलाईनकडे बघत सांगितलं, "मुलगा आहे. नंदुरबारला नेलाय."

"रडला का?"

ती नळी सरळ करत राहिली.

तो रडला नव्हता. भूषण त्याला घेऊन गेला होता. शहाद्याहून नंदुरबारला जायचं म्हणजे प्रकाशावरूनच, आमच्या गावाबाहेरून, तापीच्या पुलावरून. माझं बाळ माझ्या आधी घरावरून गेलं आणि थांबलं नाही. ज्या पाण्याकडे बघत मी श्वास शिकले, त्याच्यावरून ते श्वासाच्या नळीसकट गेलं. पडल्या पडल्या मी तो पूल किती वेळा ओलांडला असेन. मला घाटावरची ती म्हातारी आठवायची आणि मी डोळे उघडे ठेवायचे.

टाके दुखायला लागले तेव्हा मी दुखणं कमी करायचं इंजेक्शन मागितलं. एकदा नाही, परत परत. डॉक्टरबाईंनी त्यावर एकही टोमणा मारला नाही. माझ्या पायाशी बसून त्यांनी माझे विसकटलेले केस कानामागे सारले आणि गेल्या.

भूषण आईशी बोलेना. नंदुरबारहून आल्यावर एकदाच बोलला, माझ्या खाटेच्या दुसऱ्या बाजूनं. "माय, मले काब्र नही सांगं? मी सकाळे घरमाच व्हतू. डबा भरी दिना तू मले." सासूबाई खुंटीवरच्या डब्याच्या पिशवीकडे बघत राहिल्या. त्यांनी भरलेला तो डबा भूषण न उघडताच दवाखान्यात घेऊन आला होता.

तो गेल्यावर त्या माझ्या हाताला धरून म्हणाल्या, "मी तिले दारवरथीन धाडी दिनं वं. मन्हा या हातघाई..." त्यांना बरं वाटेल असं मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण मला फार राग आला होता. पडद्याच्या आत मीही गप्प उभी होते, हे आठवूनही राग कमी होत नव्हता. मी तोंड फिरवलं. त्या रात्रभर बाकावर बसल्या होत्या, पाणीही प्यायल्या नाहीत, हे दुसऱ्या दिवशी नर्सनं सांगितलं.

काच

मला चालता यायला लागल्यावर नंदुरबारला नेलं. नवजात बाळांच्या कक्षात काचेच्या पेट्या असतात. त्यात माझा मुलगा होता. तोंडात नळी, छातीवर तारा, मुठी उघड्या. बाळाच्या मुठी मिटलेल्या असतात ना? त्याच्या उघड्या होत्या.

तिथे सतत यंत्रं वाजत असतात, पण बाळांचा आवाज फार कमी. मी नर्सला विचारलं, "हा रडत का नाही?"

"नळी आहे ना, आवाज येणार नाही," ती म्हणाली. मग तारा नीट करत, "नळी काढल्यावर बघू."

तो 'बघू' माझ्या डोक्यात बसला. डॉक्टर सांगत, मेंदूला किती वेळ प्राणवायू कमी पडला ते माहीत नाही. आज स्थिर आहे. उद्याचं उद्या. मी काचेला कपाळ लावून उभी राहायचे. ज्या आवाजाला मी आणि सासूबाई महिनाभर घराबाहेर जाऊ द्यायचं नाही म्हणत होतो, त्या आवाजासाठी मी आता कुणाच्याही पाया पडले असते.

आयांसाठीच्या खोलीत शेजारच्या खाटेवर धडगावकडची एक मुलगी होती. ती पावरी ही सातपुड्यातली आदिवासी बोली बोलायची, मला ती येत नाही, तिला माझी मराठी जेमतेम. मला दूध येईना तेव्हा तिनं शेक द्यायचं खुणेनं सांगितलं आणि आपल्या भाकरीतला अर्धा तुकडा माझ्या हातात ठेवला. तिची मुलगी माझ्या मुलाच्या बाजूच्या पेटीत होती. एका सकाळी ती पेटी रिकामी होती आणि खाटही. कुणाला विचारायची माझी हिंमत झाली नाही. तिचं नाव मी शेवटपर्यंत विचारलं नव्हतं, याचं मला वाईट वाटतं.

ज्या तयारी करताहेत त्यांना

तयारी करा. चाला, श्वास शिका, बर्फही धरा हवं तर. औषधाविना बाळंतपण होतं, रोज कितीतरी जणींचं होतं. पण कळ येते आणि जाते, एवढं एक लक्षात ठेवा. जी जातच नाही, पोट सैल पडू देत नाही, ती सोसायची नसते. त्या वेळी शूरपणा नको. कुणी कितीही कौतुक करत असलं तरी ओरडा. आणि घरात जी मोठी बाई असेल तिलाही हे आधीच सांगून ठेवा, प्रेमानं, तिच्याजवळ बसून. मी सासूबाईंना बर्फ दाखवला होता. डॉक्टरबाईंनी शेवटी जे सांगितलं, ते सांगितलं नव्हतं.

आवाज

नळी काढली तेव्हा मला बाहेर उभं केलं होतं. आवाज आला नाही. नर्सनं दार उघडून सांगितलं, श्वास घेतोय, स्वतःचा घेतोय. मी भिंतीला धरून खाली बसले. रडण्याचं विचारलं नाही. एवढं मिळालं, आणखी मागायचं धाडस नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून गाऊन बांधला. सासूबाईंनाही गाऊन घालून आत येऊ दिलं. नंदुरबारला आल्यापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या आणि मी त्यांच्याशी तेवढंही नाही. त्या स्टुलावर बसून होत्या, हात मांडीत, त्याच्याकडे बघत.

तो गरम होता. त्याची एक मूठ हळूहळू मिटली आणि माझ्या गळ्याजवळ टेकली. नर्सनं त्याचा तळपाय टिचकीनं हलवला. काही नाही. पुन्हा हलवला. त्याचं कपाळ आक्रसलं, तोंड वाकडं झालं, बराच वेळ नुसतंच वाकडं राहिलं. मला वाटलं, आता तेही थांबेल.

मग तो रडला. घोगरा, बारीक, चिडलेला आवाज. नळीनं घसा सोलला होता, म्हणून गंजलेल्या बिजागरीसारखा. पण थांबला नाही. वाढतच गेला. मीही रडायला लागले, मोठ्यानं, आणि मला कुणी गप्प केलं नाही.

सासूबाई उठल्या. त्यांनी गाऊनच्या आतून आपला छोटा फोन काढला. तिथे फोनला बंदी आहे. नर्सनं पाहिलं आणि पाठ करून कपाटातलं काहीतरी शोधायला लागली. सासूबाईंना नंबर लावता येत नाही, फक्त शेवटचा आलेला फोन परत लागतो. तो मंगलाताईचा होता. ती रोज विचारायची.

"मंगला," त्या म्हणाल्या. आणि फोन बाळाच्या तोंडाजवळ धरला. त्या दिवशी माझ्या तोंडावर ठेवला होता तोच हात.

"आयक. रडी ऱ्हायना. आयक ना." त्यांनी तो आणखी जवळ नेला. "आत्ते वट्टावर जाय, मंगला. फोन मोठा कर आनि सगळी गल्लीले आयकाड."